निकोटिनची ओढ आणि चंचल अवधान

जबलपूर जिल्ह्यातील कुंडमकडील अरण्यांत तेंदूची पाने खुडतात. त्यांत तंबाखू वळली की विडी होते. तिच्या धुरातील निकोटिन मेंदूत डोपामिन स्रवविते व सुख वाटते.

ही ओढ उंदरावर मोजता येते. कळ दाबताच त्याच्या शिरेत निकोटिनचा सूक्ष्म अंश सोडतात. मग तो ती पुनःपुन्हा दाबतो. १९६३ साली जपानमध्ये ओकामोटो व आओकी यांनी वर्णिलेला, मुळात रक्तदाबाच्या अभ्यासाचा उंदीरवंश पुढे चंचल व उतावळाही आढळला. म्हणून अवधान-न्यूनतेच्या विकाराचे प्रतिरूप म्हणून तो वापरतात.

हा विकार असलेल्यांत धूम्रपान अधिक आढळते. निकोटिनने अवधान तात्पुरते सुधारते, हे त्याचे एक कारण असू शकेल. उंदीर म्हणजे मूल नव्हे. तथापि चंचल मुलाच्या हाती विडी दिसल्यास शिक्षेआधी उपचाराचा विचार व्हावा.