सोरायसिस असेल तर लघवीही तपासा

सोरायसिसचे चट्टे कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात दिसतात, म्हणून आपण तो नुसता कातडीचा आजार समजतो. खरे तर यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. एरवी महिनाभरात नवी होणारी त्वचा तीन-चार दिवसांतच वाढते आणि पापुद्रे सुटतात. हा आजार शिवल्याने होत नाही. तरीही आजारी बाईचे ताट-तांब्या वेगळे ठेवलेले मी वस्तीतच पाहिले आहे. ताट वेगळे करणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला हवे का?

आतला हा दाह किडनीलाही बाधू शकतो. ब्रिटनमधील रुग्णांच्या नोंदींवरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीव्र सोरायसिस असणाऱ्यांना किडनीच्या जुनाट आजाराचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. मोजकेच चट्टे असणाऱ्यांत तसे दिसले नाही. आपला एक पंजा बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. तीन पंजे किंवा जास्त अंग चट्ट्यांनी व्यापले असेल, तर सावध राहावे.

किडनी दुखत नाही. पायांवर, डोळ्यांखाली सूज येईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. म्हणून काही होत नसतानाही वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. फक्त क्रिएटिनिनवर विसंबू नका. किडनी बरीच निकामी झाली तरी सुरुवातीला ते ठीक दिसू शकते. लघवीची तपासणी आधी बोलते.

आता औषधे. सोरायसिसमध्ये कधी सांधेही धरतात. मग मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी आणून महिनोन्‌महिने खाल्ली जाते. ती किडनीला घातक ठरू शकते. बिनलेबलच्या पुड्या आणि भस्मेही नकोत. त्यांत पारा किंवा शिसे असू शकते. सायक्लोस्पोरिन चालू असेल तर रक्तदाब आणि क्रिएटिनिन डॉक्टर सांगतील तेव्हा तपासावेच लागते.

मेथोट्रेक्सेटची गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. हे औषध लघवीवाटे बाहेर पडते. किडनी कमजोर असेल तर ते अंगात साठते. तोंडात फोड आले, ताप आला किंवा अंगावर काळेनिळे डाग उठले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि गोळीचे पाकीट सोबत न्या.