आधी माणसं गाठ

चि. मनीषा,



बी.ए. झाल्यावर पुरातत्त्वाकडे वळायचं तू ठरवते आहेस, हे वाचून फार आनंद झाला. 'आमच्या घरात या वाटेनं कुणी गेलेलं नाही, विचारू तरी कुणाला?' असं तू लिहिलं आहेस. सुरुवात आपल्या शिरूर तालुक्यातूनच कर. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 मध्ये उत्खनन सुरू केलं, ते पुढे अनेक हंगाम चाललं. तेव्हा खोदकामाला गेलेलं कुणी गावात आहे का, याची चौकशी कर. कुणी भेटलंच तर उन्हातलं ते काम कसं चालायचं, हे त्यांच्या तोंडून ऐक.

मग पुण्याला जा. डेक्कन कॉलेजात गेलीस तरी थेट मोठ्या प्राध्यापकांचं दार वाजवू नकोस. आधी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातली मुलं गाठ. खापरं धुणं, त्यांवर क्रमांक घालणं, त्यांची वर्गवारी करणं हे सगळं त्यांच्या हातात ताजं असतं. त्यानंतर पास होऊन चार-पाच वर्षं झालेल्यांना भेट. नोकरीची जाहिरात निघेपर्यंत कसे दिवस काढले, पगार किती मिळतो, हे ती माणसं स्पष्ट सांगतील. आणि हे क्षेत्र सोडून गेलेल्या एका तरी माणसाशी बोलच. तो का गेला, हे कळल्याशिवाय तुझी चौकशी पुरी होणार नाही.

आपल्याकडे सगळे एकच प्रश्न विचारतात : 'स्कोप आहे का?' त्याला उत्तरही तसंच मोघम मिळतं. 'काल दिवसभर काय केलंत?' असं विचार. इनामगावच्या उत्खननाचा अहवाल 1988 मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे पहिली कुदळ पडल्यानंतर वीस वर्षांनी. मधल्या काळात हाडं तपासणं, जळके दाणे ओळखणं, नकाशे काढणं, लिहिणं असं बैठं काम केवढं झालं असेल! ते तुला आवडेल का, हे तुला त्या 'काल'च्या उत्तरातून उमगेल. हाडं पाहणारे, नकाशे काढणारे, संग्रहालयात वस्तूंचं जतन करणारे रसायनतज्ज्ञ, यांनाही विसरू नकोस. कदाचित तुझी जागा तिथेच असेल.

भेटीसाठी आधी चार ओळी लिही : तू कोण, काय वाचलंस, वीस मिनिटं हवीत. नोकरीचा विषय काढू नकोस. उठताना 'आणखी कुणाला भेटू?' एवढं विचार, आणि नंतर काय ठरवलंस ते त्यांना आवर्जून कळव. पुष्कळ मुलं हे विसरतात, त्याचं मला वाईट वाटतं.

बाबांचा विरोध आहे म्हणतेस. त्यांची काळजी खोटी नाही. एखाद्या भेटीला त्यांनाही बरोबर ने. पगाराचं आणि नोकरीचं त्यांनाच विचारू दे.

तुझ्या,
बाई