शिष्यांना भास झाला होता का?



प्रभूचे शरीर शिष्यांनीच चोरले, हा आरोप जुनाच आहे; संत मत्तय तो स्वतः नोंदवतो (२८:१३). अठराव्या शतकात जर्मनीत रायमारस यांनी तोच मांडला, पण हयातीत छापला नाही. आज तो धरणारे अभ्यासक विरळाच.

अधिक विचार करायला लावतात ते गेर्ड लुडेमान. १९९४ साली त्यांनी मांडले की, शोक आणि प्रभूला नाकारल्याची टोचणी यांतून पेत्राला दर्शन घडले व ते इतरांत पसरले. गेलेले माणूस दिसल्याचे आपल्याकडेही शोकाकुल लोक सांगतात. पण म्हणून ते कबरीतून उठले, असे कुणी म्हणत नाही!

आणि पौलाचे काय? तो शोकात नव्हता, ख्रिस्तसभेचा छळ करीत होता. त्याच्याही मनात सुप्त ओढ होती, असे लुडेमान म्हणतात. पौल मात्र नियमशास्त्राबाबत स्वतःला निर्दोष म्हणवतो (फिलिप्पै ३:६).

इतिहासाने पुनरुत्थान सिद्ध होत नाही, हे मान्य करू या. पण साक्ष फार जवळची आहे. करिंथकरांस पहिले पत्र क्रूसानंतर सुमारे २५ वर्षांतले. त्यात (१५:३-८) नावे असलेल्या पेत्र व याकोब यांना पौल प्रत्यक्ष भेटला होता. ती भेट गलती १:१८-१९ मध्ये आहे. या आठवड्यात दोन्ही उतारे घरी वाचावेत.