भिंतीपलीकडे शेजारी असताना इलेक्ट्रिक गिटार

१. आवाज कमी केला की गिटार किरकिरी, पोकळ वाटते. पेडल बदलायला धावू नका, आधी कानाचा स्वभाव ओळखा. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आवाज लहान झाला की खर्ज कानाला सगळ्यात आधी कमी ऐकू येतो आणि अगदी वरचे सूरही मंदावतात. म्हणून घरी अॅम्पवरचा बेस नेहमीपेक्षा थोडा जास्त आणि ट्रेबल किंचित वर. हेच सेटिंग घेऊन कार्यक्रमाला मात्र जाऊ नका. तिथे मोठ्या आवाजात बेस घुमतो आणि ट्रेबल कानात टोचतो.

२. लहान अॅम्प घेतला की प्रश्न सुटतो, हा समज फार पसरलेला आहे. एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ रेकॉर्डसाठी स्टुडिओत मार्शल अॅम्प दणक्यात वाजवला. पुढे १९७० मध्ये ‘लैला’च्या वेळी चिमुकला फेंडर चॅम्प वापरला. पण चॅम्पचे ते साधारण ५ वॉटसुद्धा पुरे उघडले तर डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मजला हादरतो. वॉट दहापट झाले तरी कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे ५० वॉटचा देऊन ५ चा आणला, तर शेजारी निम्मेच चिडणार! ट्यूब तापून येणारी ती फाटकी गोडी रात्री घरात मिळत नाही, हे मान्य करून टाका. अॅम्प स्वच्छ ठेवा आणि फाटण्याचं काम पेडलकडे द्या.

३. मात्र प्रत्येक पेडलला हे काम जमत नाही. ट्यूब स्क्रीमर खालचे सूर कापतं आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचे मिड पुढे आणतं. आधीच तापलेल्या ट्यूब अॅम्पला ढकलायला ते उत्तम. शांत, स्वच्छ अॅम्पपुढे तेच नाकात बोलतं. अशा वेळी मला प्रोको रॅट किंवा बॉसचं ब्लूज ड्रायव्हर आवडतं, कारण दोन्ही आपल्या हिमतीवर भरीव वाजतात. रॅटचा फिल्टर नॉब उलटा चालतो: उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो. ट्यूब स्क्रीमर आधीच घरात असेल तर विकू नका. त्याच्यामागे ईक्यू पेडल लावा, १०० आणि २०० हर्ट्झच्या पट्ट्या जराशा वर सरकवा.

४. गेन कमी ठेवा, वाटतो त्याहून कमी. मोठा अॅम्प स्वतःच आवाज दाबून सपाट करतो आणि स्पीकरच्या हवेने तारा वाजत्या ठेवतो. ते दोन्ही नसलं की आपण गेन वाढवत सुटतो आणि हाती येते ती नुसती भणभण. सूर लांबवायला ओव्हरड्राइव्हच्या आधी हलका कॉम्प्रेसर लावा. एमएक्सआर डायना कॉम्पला दोनच नॉब आहेत. सेन्सिटिव्हिटी निम्म्याच्या आत बस्स.

५. थोडा रिव्हर्ब. पडदे, गाद्या, कपाटं यांनी भरलेली खोली आवाज गिळते.

६. एकाच अडॅप्टरवर पाच पेडलांची माळ लावली की हम येतो, आणि डिजिटल डिले त्यात असेल तर बारीक शिट्टीही. हळू वाजवताना ते जास्त जाणवतं. प्रत्येक पेडलला वेगळं आउटपुट देणारा पॉवर सप्लाय महाग वाटतो, पण तिसऱ्या ओव्हरड्राइव्हपेक्षा तो आधी घ्या. घराचं अर्थिंगही एकदा तपासून घ्या.

७. अॅम्प जमिनीवर ठेवला तर बेस स्लॅबमधून खालच्या काकूंकडे जातो आणि ट्रेबल तुमच्या गुडघ्यांकडे. तो खुर्चीवर ठेवा, खाली जाड फोम, तोंड कानाकडे. मग पहिल्या मुद्द्यात वाढवलेला ट्रेबल पुन्हा थोडा कमी करता येतो.

८. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्या वेळेत हेडफोन बरा. पण पेडलचा आवाज थेट हेडफोनमध्ये घेतला तर माश्या घोंगावतात, कारण गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळत असतो. मध्ये कॅबिनेट सिम्युलेटर लागतोच. ‘बॉस्टन’ बँडच्या टॉम शोल्झने १९८० च्या दशकात रॉकमन नावाचा कमरेला अडकवायचा हेडफोन अॅम्प काढला, त्यात हे गाळणं, कॉम्प्रेशन, कोरस आणि एको सगळं एकत्र होतं. आज तेच काम हातभर लांबीच्या पेडलबोर्डवर करता येतं.