शिपायाच्या पेटीतील ठेवा

युद्धकाळातील लष्करी टपाल व शिपायांनी रणभूमीवरून आणलेल्या चीजवस्तू जमविण्याचा छंद ज्यांना नव्याने जडला आहे, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की एका शिपायाच्या वस्तूंची परस्परांपासून ताटातूट होऊ देऊ नये. सातारा जिल्ह्यातील एका घरी, पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाच्या मोहिमेतून परतलेल्या शिपायाची पेटी मला दाखविण्यात आली, तेव्हा तिच्यातील रुप्याचे पदक सराफाच्या मुशीत आटले होते, आणि लखोटे घेऊन गेलेल्या व्यापाऱ्याने, पंचम जॉर्जच्या छबीवर ‘आय.ई.एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) अशी अक्षरे छापलेली तिकिटे तेवढी मौल्यवान मानून, ती पाण्यात भिजवून सोडविली होती. त्यांपैकी कमी किमतीची तिकिटे आजही सहज मिळतात. परंतु लखोट्यावरील रणक्षेत्रीय डाकघराचा शिक्का, सेन्सॉरची मोहोर आणि पाठीवर घरच्या कोणी मोडी लिपीत केलेली नोंद, ही सारी त्या पाण्यात गेली. पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठसविलेली असते. तेही गेल्यामुळे हा मनुष्य ११० व्या मराठा पलटणीत होता की ११७ व्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील कूत शहर तुर्कांच्या हाती पडले तेव्हा तो कैदेत गेला काय, हे सांगणारा दाखलाच त्या घरात उरला नाही. याची हळहळ मला अद्याप वाटते.

म्हणून वस्तू हाती येताच ती कोणाच्या घरातून व कशाबरोबर आली, याची तपशीलवार नोंद वेगळ्या कागदावर करावी. छापील वाक्यांपैकी नको ती खोडून खाली केवळ सही व तारीख घालावयाची, आणि अधिक मजकूर लिहिल्यास कार्ड नष्ट होईल अशी ताकीद असलेली जी लष्करी कार्डे, ती कोरी समजून कोणी टाकू नयेत. प्रकृती ठीक असल्याचे वाक्य शाबूत राहिले की इस्पितळात दाखल झाल्याचे, एवढ्यावर एखाद्या घराचा जीव टांगलेला असे. फ्रान्समधील रेशमी भरतकामाची कार्डे बहुधा पाकिटातून जात, सबब शिक्का नाही म्हणून ती नकली ठरत नाहीत. कार्डांस गोंद, चिकटपट्टी वा लॅमिनेशन लावू नये. तोफगोळ्याच्या पितळी नळकांड्याच्या बुडाशी निर्मितीचे साल असते, ते चिंच लावून घासू नये. आणि त्याचे तोंड बंद असल्यास हात न लावता पोलिसांस वर्दी द्यावी.

परदेशी गिऱ्हाईक मोठी रक्कम देऊ करते, तेव्हा १९७२ चा पुरावस्तू कायदा ध्यानात घ्यावा: शंभर वर्षे जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षे जुने ऐतिहासिक मोलाचे कागद खासगी व्यक्तीस देशाबाहेर धाडता येत नाहीत.