घरचा संगणक आणि पाळत ठेवणाऱ्या कुकीज



बहुतेक घरांत संगणक एकच असतो. त्यावर मुले शाळेचा प्रकल्प करतात, आई रेल्वेचे तिकीट काढते, आजोबांच्या मधुमेहाची माहितीही त्यावरच शोधली जाते. मग दुसऱ्या दिवशी क्रिकेटचा स्कोअर पाहताना बाजूला मधुमेहाच्या औषधाची जाहिरात झळकते. "याला कसे कळले?" असे पालक आम्हास विचारतात. त्याचे उत्तर या पाठात पाहू.

कुकी म्हणजे काय?
कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. ती व्हायरस नव्हे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ती तयार केली. त्याआधी संकेतस्थळाला प्रत्येक नवे पान उघडताना तोच पाहुणा पुन्हा ओळखता येत नसे. कुकीमुळे लॉगिन टिकते, खरेदीसाठी निवडलेल्या वस्तू तशाच राहतात. म्हणून सर्वच कुकीज बंद करणे योग्य नाही.

मग अडचण कुठे आहे?
आपल्या इंदूरचेच उदाहरण घ्या. कापड मार्केटमधील दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाचा हिशेब वहीत ठेवतो, त्यात गैर काही नाही. परंतु एखादा अनोळखी माणूस कापड मार्केट, सराफा आणि दवा बाजार, तिन्ही ठिकाणी आपल्यामागे येऊन काय घेतले ते लिहू लागला तर? जाहिरात कंपन्यांच्या 'थर्ड पार्टी' कुकीज हेच करतात. एकाच कंपनीच्या जाहिरातीचा तुकडा अनेक संकेतस्थळांवर असतो. तो प्रत्येक ठिकाणी तीच कुकी वाचतो आणि घराचे चित्र तयार होते. आजार, पैशाची अडचण, मुलांची आवड, सारे त्यात येते.

उपाय काय?
१. गूगल क्रोम: सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग थर्ड पार्टी कुकीज येथे जाऊन 'ब्लॉक' निवडावे. या कुकीज हटविण्याची घोषणा गूगलने २०२० मध्ये केली होती, पण २०२४ मध्ये तो बेत सोडला. त्यामुळे हे काम आपणच करावयाचे आहे.
२. फायरफॉक्स: यात २०१९ पासून असे संरक्षण आपोआप चालू असते. अधिक हवे असल्यास प्रायव्हसीच्या पानावर 'स्ट्रिक्ट' निवडावे.
३. एज: ट्रॅकिंग प्रिव्हेन्शनमध्ये 'बॅलन्स्ड' असते, तेथे 'स्ट्रिक्ट' करता येते.
४. सफारी: २०२० पासून या कुकीज आपोआप अडविल्या जातात.
५. जुन्या कुकीज पुसण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या कळा एकत्र दाबाव्यात. मात्र त्यानंतर सर्वत्र पुन्हा लॉगिन करावे लागते, म्हणून पासवर्ड आधी जवळ ठेवावेत.

'स्ट्रिक्ट' केल्यावर एखादे संकेतस्थळ नीट चालले नाही, तर फक्त त्याच स्थळाला सूट द्यावी. सगळे संरक्षण काढू नये.

एवढ्याने सर्व पाळत संपते असे नाही. आपण ज्या कंपनीच्या खात्यात लॉगिन आहोत, ती कंपनी आपली नोंद ठेवूच शकते. 'इनकॉग्निटो'मध्येही इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीपासून आपण लपत नाही.

कायदा काय म्हणतो?
२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले; मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. परंतु कायदा आला म्हणून आपण घराचे दार उघडे टाकून झोपत नाही.

पालकांना एक विनंती. मुलांनी काय पाहावे याकडे लक्ष देणे हे आपले कर्तव्य आहे, आणि ते मुलांशी बोलूनच होते. अनोळखी कंपनीचे लक्ष ही निराळी गोष्ट आहे. तिला मुलाची काळजी नसते, तिला गिऱ्हाईक हवे असते.

स्वाध्याय
१. पहिल्या व तिसऱ्या पक्षाच्या कुकीतील फरक स्वतःच्या उदाहरणाने लिहा.
२. रविवारी आईवडिलांसोबत बसून घरच्या ब्राउझरची सेटिंग तपासा. काय बदलले ते वहीत नोंदवा आणि वर्गशिक्षकांना दाखवा.
३. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांनी हाच स्वाध्याय शाळेच्या संगणक कक्षात करावा.