जुना सर्व्हर प्रोसेसर आणि ‘किमान आवश्यकता’ : एक अभ्यास

तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना जो उपदेश केला, त्याचे महत्त्व आपण सर्वजण जाणतोच. ऐकीव आहे, परंपरेने आलेले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये. ती स्वतः पारखून घ्यावी. हीच कसोटी प्रस्तुत लेखात आम्ही संगणक खरेदीच्या एका प्रश्नाला लावून पाहणार आहोत.

सानगडीसारख्या गावात विद्यार्थ्याला अभ्यास व खेळ या दोन्हींसाठी एकच संगणक परवडतो. तोही बहुधा धान विकल्यावर हाती आलेल्या पैशातून घेतला जातो. अशा वेळी ‘आठ कोअर, सोळा थ्रेड, किंमत अगदी कमी’ ही जाहिरात मोह घालते. हा माल बहुधा जुन्या सर्व्हरमधून काढलेला ‘झिऑन’ प्रोसेसर असतो. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी सर्व्हर बदलतात आणि त्यातील सुटे भाग जुन्या मालाच्या बाजारात येतात. हा माल खोटा नसतो; पण तो आपल्या कामाचा आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

किमान आवश्यकता म्हणजे काय?

प्रत्येक खेळासोबत प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स, साठवण व ऑपरेटिंग सिस्टीम यांच्या अटींची यादी दिलेली असते. परीक्षेत प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते, तसेच येथे आहे. एका अटीत मिळालेले जादा गुण दुसऱ्या अटीची उणीव भरून काढत नाहीत. शिवाय ‘किमान’ म्हणजे खेळ कसाबसा चालेल एवढेच. नीट खेळण्यासाठी ‘शिफारस’ केलेली यादी पाहावी.

एक उदाहरण

इंटेलचा ‘झिऑन ई५-२६७०’ हा प्रोसेसर २०१२ साली बाजारात आला. त्यात ८ कोअर व १६ थ्रेड असून कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ आहे. २०२२ साली आलेल्या ‘कोअर आय३-१२१००’ मध्ये ४ कोअर व ८ थ्रेड आहेत. कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ आहे. कागदावर झिऑन दुप्पट दिसतो. परंतु सर्व्हरवर एकाच वेळी शेकडो लोकांची कामे वाटून दिलेली असतात, म्हणून तेथे कोअरची संख्या उपयोगी पडते. खेळात मात्र बरेचसे काम थोड्याच कोअरवर पडते. तेथे एकेक कोअर किती चपळ आहे हे महत्त्वाचे, आणि त्यात नवा आय३ बराच पुढे आहे.

आता ‘व्हॅलोरंट’ हा खेळ घेऊ. त्याची प्रोसेसरची किमान अट अगदी साधी आहे. ती हा झिऑन सहज पार करतो. पण विंडोज ११ वर हाच खेळ टीपीएम २.० व सिक्युअर बूट मागतो. ई५-२६७० तर विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीतच नाही. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. म्हणजे अडचण वेगाची नसून दुसऱ्याच अटीची आहे. तसेच या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ ही सूचनाप्रणाली नाही. ज्या खेळांना ती लागते ते चालणार नाहीत.

लपलेला खर्च

१) या झिऑनमध्ये ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर चित्र येत नाही.

२) त्याला एलजीए २०११ सॉकेटचा बोर्ड लागतो. सर्व्हरमधून निघालेली स्वस्त ‘रजिस्टर्ड’ मेमरी घरगुती संगणकाच्या साध्या बोर्डवर चालत नाही.

३) झिऑनची नोंदलेली उष्णता-मर्यादा ११५ वॅट, तर आय३ ची मूळ मर्यादा ६० वॅट आहे. पूर्ण भाराखाली एवढाच फरक धरला, तर रोज ४ तासांना ०.२२ युनिट, महिन्याला ६.६ युनिट जादा वीज लागेल. आपल्याकडच्या मे महिन्यात ही उष्णता खोलीतच राहते, हेही लक्षात घ्यावे.

४) जुन्या मालावर अनेकदा केवळ ‘टेस्टिंग वॉरंटी’ मिळते. बिघाड झाल्यास नागपूरच्या सीताबर्डीपर्यंतचे भाडे आपल्यालाच भरावे लागते.

मध्यम मार्ग

याचा अर्थ जुना प्रोसेसर सर्वथा त्याज्य आहे असा नव्हे. घरी एलजीए ११५५ सॉकेटचा जुना संगणक असेल आणि त्याचा बोर्ड मान्य करीत असेल, तर ‘झिऑन ई३-१२३० व्ही२’ बसविता येतो. तो ४ कोअर, ८ थ्रेडचा व ६९ वॅटचा असून साध्या मेमरीवर चालतो. ग्राफिक्स कार्ड आधीच असेल, तर थोड्या खर्चात संगणकाचे आयुष्य वाढते व ई-कचराही कमी होतो. विंडोज ११ ची अडचण मात्र येथेही राहतेच. अभ्यासासाठी लिनक्स वापरता येईल, पण व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. सर्वच भाग नव्याने घ्यायचे असतील, तर नवा साधा प्रोसेसर घेणे हिताचे.

विद्यार्थी मित्रांनो, पैसे देण्यापूर्वी एका कागदावर आपल्याला हव्या असलेल्या खेळाच्या व अभ्यासाच्या सॉफ्टवेअरच्या सर्व अटी लिहा. त्यासमोर मिळणाऱ्या संगणकाची माहिती लिहा. खाली बोर्ड, मेमरी, कार्ड, पॉवर सप्लाय व वीज यांची बेरीज मांडा. पालकांनीही ‘खेळासाठी पैसा कशाला’ म्हणून विषय तेथेच संपवू नये; तो कागद मागून घ्यावा आणि मुलासोबत वाचावा. घामाच्या पैशाचा हिशेब मुलाने स्वतः मांडला, तर संगणक येण्यापूर्वीच शिक्षणाला प्रारंभ झाला असे आम्ही समजतो.

जयभीम!